कपड्यांवरचे तेलाचे डाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात कर्वेनगरमध्ये आमची लाँड्री आहे. काउंटरवर रोज तेच तेच प्रश्न येतात, आणि रात्री अकरा वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर डागाचे फोटो. दिवाळी, गणपती आणि लग्नसराईत तर फोनला उसंत नसते. त्यातले तेलाबद्दलचे प्रश्न इथे एका जागी मांडले आहेत. डाग पडल्यावर घाबरून जे केलं जातं त्यानेच चांगले कपडे वाया जाताना मी पाहिले आहेत, आणि ते टाळता येतं. म्हणून उत्तरं जरा सविस्तर आहेत. एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर क्रम ठेवा: आधी कोरडं, मग साबण, मग पाणी, आणि इस्त्री सगळ्यात शेवटी.

१. ताई, जेवताना आत्ताच शर्टावर तेल सांडलं. लगेच काय करू?

पाणी लावू नका आणि चोळू नका. हे दोन मोह आवरले की निम्मं काम झालं. टिश्यू किंवा जुना सुती रुमाल डागावर ठेवा आणि तळहाताने दाबून धरा. रुमालाची जागा बदलत पुन्हा पुन्हा दाबा. तेल वर यायचं थांबलं की डागावर टाल्कम पावडर, मैदा किंवा कॉर्नफ्लोअर जाडसर पसरा. काहीच नसेल तर पांढरा खडू कुटून घाला. अर्ध्या तासाने पावडर ओलसर, किंचित पिवळट दिसते आणि तिच्या गुठळ्या होतात. ते तिने ओढलेलं तेल असतं. झटकून टाका आणि दुसरा थर द्या. मग घरी जाऊन प्रश्न ३ प्रमाणे धुवा.

तूप किंवा वनस्पती तूप थिजलं असेल तर आधी चमच्याच्या कडेने अलगद खरवडून काढा. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात ते आपोआप थिजतं. इतर वेळी कपडा पिशवीत घालून दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवला तरी चालतो.

२. पाणी लावायला का नको? घरी सगळे तर आधी पाणीच लावतात.

पाणी तेलाला धरत नाही. ओल्या धाग्यांत पाणी भरलं की पावडरीला तेल ओढून घेता येत नाही आणि साबणही पातळ होतो. चोळलं तर मधला ठिपका बशीएवढा होतो. साबणाच्या कणाचं एक टोक तेलाला चिकटतं आणि दुसरं पाण्याला. असे असंख्य कण तेलाच्या बारीक थेंबाला चहूबाजूंनी वेढतात, आणि मग तो थेंब पाण्याबरोबर वाहून जातो. म्हणून साबण कोरड्या डागावर, तेलाच्या थेट अंगावर पडायला हवा.

३. रोजचे सुती कपडे धुवायची नेमकी पद्धत सांगा.

कोरड्या डागावर भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब टाका. रंग नसलेलं किंवा फिकट लिक्विड घ्या. बोटाने कडेकडून मध्याकडे हलकेच पसरवा. मधून बाहेर नेऊ नका. कपडा उलटून मागच्या बाजूनेही थोडं लावा, कारण तेल आरपार गेलेलं असतं. पंधरा मिनिटं तसंच राहू द्या. मग जुन्या मऊ टूथब्रशने धाग्याच्या दिशेने थोडं घासा आणि कोमट पाणी मागच्या बाजूने सोडा. पुढून सोडलं तर तेल पुन्हा कापडातून आत जातं. त्यानंतर नेहमीसारखा धुवा.

आता महत्त्वाचं. ओल्या कापडावर तेल दिसत नाही. पाण्याने सगळंच कापड गडद झालेलं असतं, त्यात डाग लपतो. म्हणून कपडा सावलीत वाळवा आणि खिडकीपाशी उजेडाकडे धरून बघा. तेल उरलं असेल तिथे कापड तेलकट कागदासारखं थोडं आरपार दिसतं. दिसलं तर हेच सगळं पुन्हा करा. दोनदा, कधी तीनदा करावं लागतं. यात कंटाळा केला की पुढचा त्रास वाढतो (प्रश्न ५).

४. भांड्यांच्या लिक्विडऐवजी वडी, शाम्पू किंवा कपड्यांची पावडर चालेल का?

भांड्यांची वडी नको. तिच्यात घासायची बारीक भुकटी असते, त्याने कापडावर पांढुरकं खरखरीत वर्तुळ उमटतं. शाम्पू चालतो, आणि शर्टाच्या कॉलरला, उशीच्या अभ्र्याला तर तोच बरा, कारण तो डोक्याचं तेल काढायलाच बनवलेला असतो. पावडर घ्यायची तर कोमट पाण्यात घट्टसर पेस्ट करून लावा. एन्झाइम असलेली पावडर सुती आणि पॉलिएस्टरसाठी उत्तम आहे. त्यातलं लायपेज हे एन्झाइम तेलाचे रेणू तोडतं, पण त्याला वेळ लागतो. मशीनच्या पंधरा मिनिटांच्या क्विक वॉशमध्ये ते फारसं काही करू शकत नाही, तास-दोन तास भिजवा. रेशीम आणि लोकरीला मात्र ही पावडर वर्ज्य आहे (प्रश्न ९ आणि १०).

५. डाग दिसला नाही म्हणून इस्त्री केली. आता तो पक्का झालाय. निघेल का?

बऱ्याचदा निघतो. कधीकधी नाही.

उष्णतेने तेल धाग्यात खोलवर जातं. शिवाय काही तेलं हवेशी संयोग पावून हळूहळू घट्ट होतात आणि चिकट, पिवळा पापुद्रा बनतो. करडई, सूर्यफूल आणि सोयाबीनची तेलं यात पुढे. करडईचं तेल तर रंगांतही वापरतात ते याच गुणामुळे. शेंगदाण्याचं तेल त्या मानाने सावकाश घट्ट होतं, आणि खोबरेल जवळजवळ होतच नाही. म्हणून महिनाभर जुना खोबरेलाचा डाग निघतो, आणि तेवढाच जुना करडईचा डाग हटून बसतो.

उपाय असा: डागावर थोडं ग्लिसरीन किंवा दोन थेंब खोबरेल लावून तासभर ठेवा. घट्ट झालेला थर थोडा मऊ पडतो. मग टिपून घ्या, भांड्यांचं लिक्विड लावा आणि प्रश्न ३ प्रमाणे पुढे जा. सुती कपडा असेल तर त्यानंतर एन्झाइमच्या पावडरीत रात्रभर भिजवा. दोन-तीन आठवड्यांत दर धुण्याला थोडं थोडं करत राहिलात तर फरक पडतो.

माझ्या आईची हिरवी इरकल मी अशीच गमावली. पदरावर समईतल्या तेलाचा रुपयाएवढा डाग होता. धुतल्यावर दिसेना म्हणून मी इस्त्री फिरवली, आणि निवल्यावर तिथे तपकिरी कडेचा ठिपका उमटला. तो आजही आहे. इस्त्रीवाल्या काकांकडे कपडे टाकताना डाग कुठे आहे ते सांगून टाका, तेवढी घडी सोडून ते इस्त्री करतात.

६. मिसळीची तर्री पांढऱ्या कुर्त्यावर पडली. साबण लावला तर डाग लाल झाला! आता?

घाबरू नका, तो डाग पक्का झालेला नाही. हळदीतलं कर्क्युमिन साबण-सोड्यासारख्या अल्कलीत तांबडं होतं. साबण पूर्ण निघाला की परत पिवळं दिसतं.

तर्रीच्या डागात तीन गोष्टी असतात: तेल, हळद आणि मिरचीचा लाल रंग. दोन्ही रंग तेलात विरघळलेले असतात, म्हणून तेल आधी काढायचं (प्रश्न १ आणि ३). तेल निघालं की बराचसा रंगही त्याच्याबरोबर जातो. उरलेल्या पिवळेपणाला साबणाने घासत बसू नका. स्वच्छ खळबळलेला कपडा ओलसर असतानाच कडक उन्हात पसरा, डाग वर करून. कर्क्युमिन उन्हात टिकत नाही. मार्च-एप्रिलच्या पुण्याच्या उन्हात दुपारी बारा ते चार ठेवलेला पांढरा कुर्ता मी संध्याकाळी कोरा घडी घातलेला आहे. रंगीत कपडा असेल तर उन्हात त्याचाही रंग उतरू शकतो. तेव्हा फक्त डागाचा भाग उघडा ठेवा, बाकीचा झाका.

७. जुलै महिना आहे, ऊनच नाही. हळदीचं काय करू?

ढगांतूनही प्रकाश येतो, काम फक्त सावकाश होतं. कपडा आधी पंख्याखाली पूर्ण वाळवा, नाहीतर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते हळदीपेक्षा अवघड. मग रोज खिडकीत लटकवा. आठवडा लागेल. दरम्यान इस्त्री करू नका.

८. गाडीवर मागे बसले होते, ओढणी साखळीत अडकली आणि काळं ग्रीस लागलं. पावडरने काहीच होत नाहीये.

आधी एक विनंती. ओढणी, पदर, स्टोल मागे बसताना पुढे घेऊन गाठ मारा किंवा मांडीखाली दाबा. कपड्याच्या डागापेक्षा गळ्याला बसणारा फास फार गंभीर असतो.

साखळीचं तेल मुळात काळं नसतं. रस्त्याची धूळ आणि झिजलेल्या लोखंडाचे बारीक कण त्यात मिसळून ते काळं होतं. म्हणजे डागात तेल आहे आणि कण आहेत. पावडर पातळ तेल ओढते, घट्ट ग्रीस ओढत नाही. म्हणून इथे सुरुवात उलटी करायची: तेलाने तेल सैल करायचं. जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने वरचा थर उचला. खाली पांढरं फडकं ठेवा. डागावर खोबरेल तेल घाला आणि बोटाने हलकेच जिरवा. पंधरा मिनिटांनी कापसाने टिपा. कापूस काळा होईल. पुन्हा तेल, पुन्हा कापूस. कापूस जवळजवळ पांढरा निघायला लागला की भांड्यांचं लिक्विड लावा आणि प्रश्न ३ प्रमाणे धुवा. खालचं फडकं बदलत राहा, नाहीतर काळं पुन्हा कापडालाच लागतं. शेवटी करडी सावली उरली तर ते कण आहेत. कपड्यांच्या पावडरीच्या कोमट पाण्यात भिजवून हाताने दोन-तीनदा धुतले की ते कमी होतात.

नाना पेठेतल्या गॅरेजवाल्यांसारखं रॉकेल वापरू का, असं पुष्कळ जण विचारतात. जाड सुती पँटला थोडं चालतं, पण उघड्या हवेत आणि गॅसपासून लांब. मग कपडा बाहेर वाऱ्यावर वास जाईपर्यंत ठेवा आणि हाताने धुवा. पेट्रोल अजिबात नको. रॉकेल किंवा पेट्रोल लागलेला कपडा वॉशिंग मशीनमध्ये कधीही घालू नका, आग लागू शकते.

९. पैठणीवर निरांजनातलं तूप सांडलं. घरी काही करू का?

घरी फक्त कोरडं काम करा. टिपा, घासू नका. बिनवासाची टाल्कम पावडर किंवा शंखजिरं पसरा, वर मलमलचं फडकं ठेवा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी मऊ ब्रशने विणीच्या दिशेने झटका. काठाच्या जरीत पावडर अडकते, तिथे उलट बाजूने हलकं टिचका. गरज पडली तर दुसरी रात्र.

पाणी का नाही? रेशमावर पाण्याचा वळ उमटतो, आणि गडद रंग शेजारच्या फिक्या रंगात उतरू शकतो. भांड्यांचं लिक्विडही नको. एन्झाइमची पावडर तर मुळीच नको, कारण रेशीम हे प्रथिनाचं असतं आणि अशा पावडरीतलं प्रोटिएज हे एन्झाइम प्रथिनंच खातं. लिंबू आणि सोड्याने काठाची जर काळवंडू शकते.

मग ड्रायक्लीनिंगला द्या. ड्रायक्लीनिंग म्हणजे पाण्याऐवजी द्रावकात धुणं. तिथे पर्क (परक्लोरोइथिलीन) किंवा मिनरल टर्पेंटाइन ऑइल वापरतात, आणि दोन्हींत तूप-तेल सरळ विरघळतं. तुपाच्या डागासाठी पैठणीला याहून योग्य दुसरा मार्ग नाही. लक्ष्मी रोडवरून घेतलेली नवी पैठणी असो की आजीची ठेवणीतली, नियम हाच. डाग तसाच ठेवून साडी कपाटात ठेवू नका. वर्षभराने नेसायला काढाल तेव्हा तूप जुनं होऊन डाग पिवळा पडलेला असेल.

१०. सोवळ्याचा रेशमी कद आणि लोकरीचा स्वेटर ड्रायक्लीनला द्यायचा नाही. घरी कसा धुवू?

रिठ्याने. चार-पाच रिठे फोडून बिया काढा, कोमट पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी कुस्करून गाळा. त्या फेसाळ पाण्यात डागाचा भाग दहा मिनिटं बुडवा आणि दाबून दाबून धुवा, पिळू नका. रिठ्यातलं सॅपोनिन सौम्य साबणासारखं काम करतं. लोकरीला गरम पाणी आणि घासणं दोन्ही वर्ज्य, ती आटते. आधी आतल्या शिवणीवर रंग उतरतो का ते पाहा. उतरला तर थांबा.

११. पांढऱ्या स्टोलला आणि सनकोटच्या कॉलरला नारिंगी डाग पडलेत. तेलाचे वाटत नाहीत.

गाडीवर तोंडाला स्टोल बांधून फिरणाऱ्या मुलींकडून हा प्रश्न उन्हाळ्यात सतत येतो. हे डाग सनस्क्रीनचे असतात. सनस्क्रीन तेलकट असतं, शिवाय अनेक सनस्क्रीनमध्ये ॲव्होबेन्झोन असतं. पाण्यात लोह असेल तर ॲव्होबेन्झोन त्याच्याशी मिळून गंजासारखा नारिंगी डाग पाडतं. बोअरच्या पाण्यात धुणाऱ्यांना हे जास्त दिसतं.

यावर ब्लीच घातलं तर डाग आणखी गडद होतो. आधी प्रश्न ३ प्रमाणे तेलकटपणा काढा. मग पांढऱ्या सुती कापडासाठी कपभर गरम पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व विरघळवून डागावर घाला, दहा-पंधरा मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा. ब्लीच लावलेल्या कपड्यावर लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर कधीही घालू नका, विषारी क्लोरिन वायू तयार होतो. सकाळी सनस्क्रीन लावल्यावर ते मुरायला दहा मिनिटं द्या, मग स्टोल बांधा.

१२. बाळाची टाळू भरतो, मालिश करतो. दुपटी आणि टोपडी धुतली तरी खवट वास येतो.

डाग दिसत नसला तरी दर धुण्यात थोडं तेल मागे राहतं, आणि जुनं होऊन ते खवट होतं. आठवड्यातून एकदा सगळी सुती दुपटी, पंचे शक्य तितक्या गरम पाण्यात, मूठभर धुण्याचा सोडा घालून तासभर भिजवा. सोडा तेलाला थोडाफार साबणाचं रूप देतो. मग पावडरीने धुवा आणि तीन वेळा स्वच्छ पाण्यातून काढा, बाळाची त्वचा नाजूक असते. सॉफ्टनर घालू नका, तो धाग्यावर थर धरतो आणि त्यात तेल आणखी अडकतं. मालिशेसाठी दोन-तीन पंचे वेगळे ठेवा, बाकीचे वाचतात.

हेच अभ्यंगस्नानाच्या टॉवेलांना लागू. एक काळजी मात्र घ्या: तेल नीट न निघालेले टॉवेल ड्रायरमधून गरम काढून ढीग करून ठेवू नका. तेलाच्या हवेशी होणाऱ्या संयोगातून उष्णता तयार होते, ती ढिगात कोंडते आणि आग लागल्याच्या घटना झालेल्या आहेत. उघडे पसरून थंड करा.

१३. ढोल पथकाच्या पांढऱ्या कुर्त्यावर शेंदूर लागलाय.

शेंदूर तेलात कालवलेला असतो. वाळला असेल तर आधी झटका, ओला असेल तर चमच्याने उचला. बोटाने पुसलात तर बारीक भुकटी धाग्यांत शिरते. मग प्रश्न ८ ची पद्धत, खोबरेल आणि कापूस. शेंदुरात शिसं असू शकतं, त्यामुळे हा कुर्ता लहान मुलांच्या कपड्यांत मिसळू नका आणि नंतर हात साबणाने धुवा. मिरवणुकीच्या धावपळीत दहा दिवस कुर्ता पिशवीतच राहतो. त्याच रात्री निदान पावडर टाकून ठेवा.

१४. कपडे मशीनमधून काढले तर नवेच तेलकट ठिपके! तेल तर कुठे सांडलंच नव्हतं.

बहुतेक वेळा हा सॉफ्टनर असतो. कपड्यावर थेट ओतला किंवा जास्त पडला की तेलासारखे ठिपके उमटतात. त्यावर ओला साबण चोळा आणि सॉफ्टनरशिवाय धुवा. दुसरं कारण टँकर किंवा बोअरचं जड पाणी. त्यात साबणाचा चिकट राखाडी साका बनतो. महापालिकेचं खडकवासल्याचं पाणी सौम्य, तिथे हा त्रास कमी. जड पाणी असेल तर साबणाच्या वडीऐवजी डिटर्जंट वापरा. मशीनमध्ये कपडे कोंबत असाल तर तेही बंद करा.

१५. लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट, खायचा सोडा?

लिंबू आणि व्हिनेगर तेलाला काही करत नाहीत. टूथपेस्ट खरवडते. खायचा सोडा पावडरीसारखा वर टाकला तर थोडं तेल ओढतो, इतकंच.

१६. जिमच्या टी-शर्टाचा तेलकटपणा जातच नाही.

पॉलिएस्टर पाण्यापेक्षा तेलाला जास्त जवळ करतं, म्हणून घामातलं तेल त्यात घट्ट बसतं. उलटा करून एन्झाइमच्या पावडरीत ४० अंशांच्या आसपास कोमट पाण्यात भिजवा. उकळतं पाणी नको, सुरकुत्या कायमच्या पडतात.

१७. ड्रायक्लीनरकडे नेताना काय सांगायचं?

डाग कशाचा आहे, किती दिवसांचा आहे आणि तुम्ही त्यावर काय काय लावलं आहे, हे तिन्ही खरं सांगा. संकोच करू नका. लिंबू लावलं, ब्लीच लावलं, इस्त्री फिरवली, सगळं. ते कळलं तर आम्ही चुकीचं रसायन वापरत नाही. डागाभोवती सुईदोऱ्याने सैल टाके घाला, पेनाने गोल काढू नका. शाईचा डाग तेलापेक्षा अवघड असतो. पावडर टाकून आणली असेल तर ती झटकूही नका, तशीच आणा.